थांबा मॅडम

नर्सिंग कॉलेजातल्या मुली आपल्या शिक्षिकेला पाठीमागे 'थांबा मॅडम' म्हणत. प्रॅक्टिकलच्या खोलीत एक महागडा बाहुला होता. तो श्वास घ्यायचा, खोकायचा, निळासुद्धा पडायचा. त्याचा रिमोट मॅडमच्या खिशात. कुणी चुकलं की मॅडम बटण दाबत आणि बाहुला निपचित पडे.

"थांबा! हात आहे तिथेच ठेवा. काय दिवे लावलेत ते बघू दे सगळ्यांना!"

मग साग्रसंगीत पाणउतारा. आपण यालाच शिस्त म्हणतो, नाही का?

एका सकाळी वॉर्डात तिसऱ्या वर्षाची मुलगी सुतारकाका नावाच्या रुग्णाला नाकातल्या नळीतून दूध देत होती. खाटेची उशाकडची बाजू उंच करायची राहून गेली. काकांना जोराचा ठसका लागला, ओठ निळे पडू लागले. मुलीला चूक कळली. आणि ती थांबली! दूध धरलेला हात तसाच वर, डोळे मॅडमकडे. नळीतून दूध उतरतच होतं.

मॅडम शेजारच्याच खाटेपाशी होत्या. त्यांचा हात खिशात गेला, रिमोट शोधायला!

धावली ती वॉर्डची सिस्टर, मॅडमची जुनी वर्गमैत्रीण. तिने नळी दुमडली, काकांना कुशीवर वळवलं, घशातलं दूध मशिनने ओढून काढलं. श्वास परत आला, पण काकांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं.

"मॅडम, मी हात हलवला नाही," मुलगी रडत म्हणाली. मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक माझी आहे गं," त्या मैत्रिणीला म्हणाल्या.

"तिचीही आहे. पण चुकत कोण नाही? चुकल्यावर सावरायचं कसं, ते तिला कधी शिकवलंस? बाहुला त्यासाठीच असतो ना! आधी सावरू द्यावं, मग बोलावं. अगं, माणसाला थांबवायचं बटण नसतं!"

काका वाचले. मॅडम माफी मागायला गेल्या, तर काकाच बसलेल्या आवाजात म्हणाले, "त्या पोरीला रागावू नका हं." मॅडमना मान वर करवेना.

पुढच्या प्रॅक्टिकलला रिमोट टेबलावर पडून होता. तीच मुलगी, तीच नळी. बाहुला ठसकला, निळा पडू लागला. मुलीने मॅडमकडे पाहिलं. "थां..." मॅडमनी जीभ चावली. "मी काही बोलणार नाही. त्याच्याकडे बघ, बाळा."

मुलीने नळी दुमडली, बाहुल्याला कुशीवर वळवलं. बाहुला श्वास घेऊ लागला, आणि रडल्या त्या मॅडम!

मंडळी, चुकणाऱ्याला घाबरवलं तर तो फक्त थांबायला शिकतो. सावरू दिलं तरच शहाणा होतो. घरी असो वा कचेरीत, ओरडण्याआधी आपणही जीभ चावूया. सुतारकाकांचा आवाज अजून पुरता सुटलेला नाही, आणि मॅडमना त्यांचं मन अजून खातं.