विसापासून बरकतीपर्यंत

हे कुणी खरं मानणार नाही, आधीच सांगून टाकतो. माझी बायको मुक्ताबाईसुद्धा मानत नाही, आणि तिनं तर माझ्याच बोलण्यावर भरवसा ठेवून लग्न केलं होतं. पण उजनी धरणाचं पाणी मी एकदा तळापर्यंत उतरवलं. पंप नाही, दरवाजे नाहीत, नुसत्या तोंडानं.

ते सांगायची पाळी आणली मुबशिरानं. ही अल्ताफची धाकटी, पहिलीत जाते. अल्ताफ आमच्या भिगवणच्या काठावर मासेमारी करतो. त्याच्या जाळ्याला वीस रिकाम्या बाटल्या बांधलेल्या, जाळं तरंगायला. जाळं सोडताना सुलट मोजायचं, ओढताना उलट, हा आम्हा सगळ्यांचाच रिवाज. बाटली हातात आली की मोठ्यानं आकडा. मात्र शेवटच्या बाटलीला 'एक' कुणी म्हणत नाही. धान्य मापताना पहिल्या मापाला म्हणतात तसंच हे. आमच्यात 'लाभ' म्हणतात, अल्ताफच्या घरी 'बरकत'. बरकत आली की समजायचं, पाण्यात आपलं काही राहिलं नाही. मोजणी चुकली तर जाळ्याचा तुकडा खाली राहतो आणि दुसऱ्याच कुणाची होडी त्यात अडकते. म्हणून अल्ताफचं म्हणणं, ज्याला उलट येत नाही त्यानं होडीत बसायचं नाही. थोरला अरफात बसतो. मुबशिरा काठावर.

त्या दिवशी ती गुडघ्यापर्यंत लोंबणारं नारिंगी लाइफ जॅकेट घालूनच आली. तिच्या आत्यानं, समिनानं, बारामतीहून आणलेलं. समिनाच तिच्या वर्गाची बाई. शाळेच्या पडवीत खडूनं वीस चौकोन आखून ती पोरांना चालवते. जाताना उड्या मारत पाच, दहा, पंधरा, वीस. येताना उलट्या पावली एकेक चौकोन. उड्यांमध्ये मुबशिरा सगळ्यांच्या पुढं. उलट्या पावली मात्र पंधरावर आली की पोरगी गोठते.

"म्हण," अल्ताफ जाळं होडीत भरता भरता म्हणाला. "आलं तर बस. न्हायतर आजबी काठावर."

"वीस, एकोणीस, अठरा, सतरा, सोळा, पंधरा..." मुबशिरानं डोळे गच्च मिटले. "सोळा."

"झालं! जाळं परत पाण्यात चाललं हिचं."

"भाई, वरडू नका तिच्यावर," समिना म्हणाली. "पुढचं सगळं येतंय तिला."

"पुढचं कावळ्यालाबी येतंय."

मुबशिरानं जॅकेटचा पट्टा दातात धरला. मग हळूच आत्याला म्हणाली, "फुफी, पुढं जाताना चौकोन दिसत्यात. मागं काय हाय ते दिसतच न्हाय."

"मी बघितलंय मागं काय हाय ते," मी म्हणालो.

"तात्या, आता तुमी सुरू नका होऊ!" अल्ताफनं हात जोडले.

"तू तुझं जाळं भर. ये गं पोरी, बस हितं."

आणि मी सांगितलं. गेल्या चैत्रातली गोष्ट, भर दुपारची. मी एकटाच होडी घेऊन लांब आत गेलेलो. जाळं ओढायला लागलो तर ते खाली कशात तरी घट्ट. मी जोर लावून म्हणालो, "वीस!" आणि बाटली हातात यायच्या ऐवजी पाणीच एक हात खाली गेलं. होडीसकट मी खाली. आधी वाटलं, ऊन लागलं. म्हणून म्हणालो, "एकोणीस." आणखी एक हात. जेवढे आकडे, तेवढे हात. इंदापूरकडच्या बागायतदारांचे फोन सुरू झाले, मोटारी कोरड्या फिरायला लागल्या, पाणी कुठं गेलं? मी काय सांगणार? माझ्या एका हातात जाळं, दुसऱ्या हातात वल्हं.

"खोटं," अल्ताफ होडीतून म्हणाला.

"तुला कोण सांगतंय? सोळाला पाण्यातून एक टोक वर आलं. चिंचेचा शेंडा. आमच्या गावची चिंच, मुबशिरा. धरण भरलं तवा मी पोरगा होतो, त्या चिंचेवरनं उतरलो तो थेट बैलगाडीत. पानं न्हाईत, पण फांद्या तशाच्या तशा, अन् फांद्याफांद्यांत चिलापी मासे अडकलेले, चिंचा लागाव्या तसे लोंबलेले. मग मी म्हणालो पंधरा. आन् मग... मग कितीला बरं?"

"चौदा!" मुबशिरा म्हणाली. तिला पुढचं बघायचं होतं.

"चौदाला घरांच्या भिंती. छपरं न्हाईत, तुळया अन् दारं आमी जाताना काढून नेलेली. तेराला..."

मी थांबायचो, ती आकडा म्हणायची, मी पाणी उतरवायचो. बाराला पार उघडा झाला. दहाला गल्ल्या, आणि गल्ल्यांतून पाणी असं वाहत निघालं की जणू गावाला आताच कुणी जाग आणली. आठला आमची विहीर. आता हे ऐका: भोवतालचं पाणी खाली गेलं तरी विहिरीचं तिच्या कठड्याला टेकून तसंच उभं, एक थेंब सांडला नाही. पाचला आमचा उंबरा. आईचं जातं जिथं ठेवून गेलो तिथंच, खुंटा वर केलेला. मी होडीतून वाकून त्याच्यावर हात ठेवला. थंड लागलं. अल्ताफ जाळं भरायचं विसरला होता, पण ते मी त्याला सांगितलं नाही.

"मग तात्या?"

"चार, तीन, दोन. मग लाभ म्हणालो. आन् पोरी, सगळ्यांत खाली नदी होती. भीमा. एवढ्याशा पात्रात, जुन्याच वळणानं चाललेली. वर एवढं मोठं धरण साठलंय हे तिला ठाऊकच न्हाय. आमी धुणं धुवायचो तो दगडबी तिच्या काठाला वला. इतकी वर्षं ती तशीच खाली वाहतीय, आन् आपण वरनं होड्या हाकतो."

समिनानं डोक्यावरचा पदर नीट केला. पाण्यावर लांब रोहित पक्षी उभे होते.

"शून्य का न्हाय म्हणलं?" मुबशिरानं विचारलं.

"म्हणलो असतो तर नदीबी गेली असती. म्हणून तर आपण लाभावर थांबतो."

"बरकतीवर."

"बरकतीवर. पण आता माझी होडी चिखलात. परत एकेक मोजत बसलो असतो तर दिवस मावळला असता. तुझ्या फुफीच्या पडवीतल्या उड्या आठवल्या, म्हणालो 'पाच!' आन् पाच हात पाणी धाडकन आलं. उंबरा गेला. दहा! गल्ल्या गेल्या. पंधरा! भिंती बुडाल्या. वीस! चिंच बुडाली, होडी उचलली. पंचवीस! आन् होडी अशी उंच गेली की वालचंदनगरच्या कारखान्याची धुराडी मला पायाखाली दिसली, कोऱ्हाळ्याचे ऊस दिसले, बारामतीच्या स्टँडवर लागलेली एसटी दिसली, रोहित पक्षी होडीच्या खालनं उडत..."

"थांबा तात्या."

मुबशिरा उठली. जॅकेट सावरत होडीपाशी गेली आणि जाळ्याच्या बाटल्यांवर एकेक बोट ठेवत निघाली.

"वीस, एकोणीस, अठरा, सतरा, सोळा, पंधरा, चौदा, तेरा..." अल्ताफ ताठ झाला. समिनानं तोंडावर हात धरला. "...बारा, अकरा, दहा, नऊ, आठ, सात, सहा, पाच, चार, तीन, दोन, बरकत. म्हंजी वीस हात पाणी गेलं." मग तिनं माझ्याकडं वळून, जागच्या जागी चारच उड्या मारल्या. "पाच, दहा, पंधरा, वीस. गेलं तेवढं आलं. मग वरचं पाच हात पाणी कुठनं आणलं? खोटं बोलताय, तात्या!"