फोटोत दिसलेला पाट

"खोड आधी सांग गो, मंग बोली पुकार."

कमळाकरांचा हा आवाज अजून माझ्या लाकडात मुरलेला आहे. देवळाच्या उत्सवात ते आपल्या दहा वर्षांच्या लेकीला, भूमिकाला, लिलाव पुकारायला शिकवत होते.

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे, फणसाच्या लाकडाचा. जिते गावाजवळच्या खाडीकाठी कमळाकर मिठागरात राबायचे. त्यांनी सुताराकडून मला हौसेने करून घेतलं. पावसाळा लागला की मला पेणच्या मूर्तीच्या कारखान्यात द्यायचं आणि चतुर्थीला माझ्यावरच गणपती घरी आणायचा, ही आमच्या घरची रीत. वर्षातले दीड दिवस मी देवाचं आसन व्हायचो. याहून मोठं भाग्य लाकडाला कोणतं?

चैत्रातल्या उत्सवातही माझं काम असे. देवापुढे आलेले नारळ नि पहिला फणस माझ्यावर मांडून त्यांचा लिलाव होई. कमळाकर फणस उलटा करून किडीचं भोक सगळ्यांना दाखवत, मगच एक वार, दोन वार, तीन वार म्हणत. गावकरी थट्टा करायचे, तू विकतोस का मोडता घालतोस म्हणून. पण त्यांच्या हातून गेलेल्या वस्तूबद्दल कधी कुणाची कुरकूर आली नाही.

पुढे कमळाकर देवाघरी गेले. मग टाळेबंदीचं वर्ष आलं. उत्सव बंद झाला आणि लिलावच नाही तर देवाच्या दिव्याला तेल कुठून येणार, या काळजीने भूमिकाची आई सीताबाई बेचैन झाली. भूमिकाने काय केलं, फणस माझ्यावर ठेवला, फोनवर त्याचा फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. फणसाला पडलेलं किडीचं भोकही वेगळ्या फोटोत दाखवलं. बोली लागली, तीही कुठून कुठून! नागोठण्याच्या कंपनीत शिफ्टवर असलेल्या विशालने शेवटची बोली लावली. फणस त्याच्याकडे गेला आणि दिवा तेवत राहिला.

मग कुणी तांब्याची कळशी आणली, कुणी जुनी शिलाई मशीन. रोह्याच्या लोकांनी विचारलं, आमच्या वस्तू घ्याल का? एका ग्रुपचे चार झाले, चारांचं संकेतस्थळ झालं. भूमिकाने त्याचं नाव ठेवलं 'तीन वार'. आज पेणला एसटी स्टँडमागे तिची जागा आहे, सहाजण कामाला आहेत, आणि ज्या गावांची नावं मी कधी ऐकली नव्हती तिथून बोल्या येतात. माझ्या पाठीवरून किती घरांचा संसार गेला असेल! मला त्या मुलीचं फार कौतुक वाटतं.

सुरुवातीला कुणी फोटोत झाकणासकट दाखवलेला डबा झाकणाशिवाय पाठवला, म्हणून भूमिकाने पहिल्याच पानावर लिहिलं, "फोटोत दिसेल ते सगळं मिळेल." त्या एका वाक्यावर लोकांनी विश्वास टाकला.

कामाच्या घाईत मात्र माझी आबाळ झाली. चांगला उजेड मिळावा म्हणून एकदा मला मिठाच्या राशीजवळ उन्हात ठेवलं आणि दिवसभर विसरले. माझ्या खालच्या पट्टीजवळ चीर गेली. सीताबाईने ती मेणाने बुजवली, मला तेल चोळलं.

यंदा आषाढात एक तांब्याचं घंगाळ माझ्यावर ठेवून विकलं गेलं. ते घेतलं रोह्याच्या नीलकंठ गुरुजींनी. चार दिवसांनी त्यांचा निरोप आला. घंगाळ छान पोचलं, पण पाट राहिला वाटतं. थोरले भाऊ गेल्यामुळे गणपती यंदा पहिल्यांदाच आमच्याकडे येणार आहे, पाट पेणला द्यायचा आहे, तेवढा लवकर पाठवावा.

मित्रांनो, तो पाट म्हणजे मीच! भूमिकाने निरोप आईला वाचून दाखवला. पाट कधी विकायला नव्हताच, ती म्हणाली. गुरुजींना नवा, सागवानी पाट पाठवते.

सीताबाई वाती वळत होती. "त्यांनी बोली लावली तवा काय दिसत व्हतं?"

"पाट दिसत होता. पण आये, बाबांचा पाट आहे तो. आपला गणपती कुठं बसंल?"

"देवाला बसाया दुसरा पाट मिळंल गो. तुज्या शबदाला दुसरं बूड नाय मिळाचं."

भूमिका बराच वेळ माझ्यावरून हात फिरवत राहिली. मग आपणच गुरुजींना लिहिलं, पाट येतोय.

मुलांनो, जुन्या वस्तू जपा, त्यांना ऊन-पाण्यात टाकू नका. पण वस्तूसाठी आपला शब्द मोडू नका. वस्तूची चीर मेणाने बुजते, शब्दाची बुजत नाही. मला हे या मायलेकींनी शिकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीताबाईने तुळशीला पाणी घातलं, नेमाप्रमाणे दिवा लावला. मला ओल्या फडक्याने पुसलं. मग मला पालथं करून तिने नखाने चिरेतलं मेण काढायला घेतलं.

भूमिकाने विचारलं, हे काय करतेस?

"ही फोटोत दिसली नव्हती ना. गुरुजींना आदी दाखवते. मंग घेतील, नायतर नाय घेणार."

चीर पूर्ण उघडी झाल्यावर तिने मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं, काखेत घेतलं आणि रोह्याची गाडी पकडायला जित्याच्या स्टेशनाची वाट धरली.