नवव्या बटणाचं काय करायचं

माझा नवरा लेलँड गेली सहा वर्षं गॅरेजमध्ये विमान बांधतोय. आजवर शेपटी तयार झाली आहे. तरी यंदा ऑशकोशच्या विमानांच्या जत्रेतून तो विमान चालवायच्या दांड्यावर बसवायची मूठ घेऊन आला. चार दिवस त्याने दुकानादुकानातल्या मुठी डोळे मिटून धरून पाहिल्या. लग्नाआधी माझा हातही त्याने इतका वेळ धरला नव्हता.

मुठीवर नऊ बटणं होती. आठांना काम मिळालं. नववं रिकामं राहिलं आणि लेलँडची झोप उडाली.

"मग कमी बटणांची का नाही आणलीस?"

"ती हातात बसत नव्हती."

शेवटी ते बटण त्याने गॅरेजच्या दाराला जोडलं. मूठ संडास मोकळा करायच्या पंपाच्या दांड्यावर ठोकली, पंपाचं रबर जमिनीला चिकटवलं आणि माझी स्वयंपाकघरातली खुर्ची गॅरेजमध्ये आणून तिच्यावर बसून तो तोंडाने इंजिन चालवू लागला.

शनिवारी मी गॅरेजमध्ये त्याच्या समोरच उभी होते. तो असाच उडत असताना अंगठा घसरला आणि दार वर गेलं. बाहेर शेजारची आर्डिस चेरीचा केक घेऊन उभी होती.

मी कपाळाला हात लावला. लेलँड काही थांबला नाही.

"आर्डिस, बाजूला हो. मी उतरतोय."

आर्डिस केक सांभाळत गवतावर सरकली. त्याला झाडायला मी तोंड उघडलं, पण त्याआधीच माझे पाय त्याच्या धावपट्टीवरून बाजूला झाले होते.