अर्धी गोळी

धर्मपालने तांब्या भिंतीवर आपटला आणि त्या आवाजाने तो स्वतःच कान दाबून ओरडला. पंचफुला त्याला धरायला धावली. त्याने कोपर असे हाणले, की ती चुलीपाशी जाऊन पडली. ओठ फुटला.

"गोळी दे!" त्याच्या हातांना कापरे भरले होते, सदरा घामाने अंगाला चिकटला होता. "आख्खी दे, नाही त जीव घेतो तुहा!"

"अर्धीच भेटन." तिने पदराने रक्त टिपले. "डॉक्टरनं सांगतलं हाय."

दाराशी उभ्या मथुराबाईला सुनेचा हा हट्ट कळेना. राजूरच्या खाणीत छत कोसळले, तेव्हापासून तिचा मुलगा भीतीच्या गोळ्यांवर जगत होता. गोळी घेतली की शांत. पुढे पुढे नुसता दगड. पोटच्या पोरीला हाक मारायचीही त्याला आठवण राहीना. वणीचा नवा डॉक्टर म्हणाला, हळूहळू उतरवू. एकदम तोडली तर झटके येतील, वाढवली तर कधीच सुटणार नाही. त्रास होईल, तो काढायचा.

पण मथुराबाईला मुलाच्या डोळ्यांत दुसरेच कोणी दिसत होते. ती तशीच शेजारी दिराकडे गेली.

उकंडा एके काळी आसुडाने भुते उतरवायचा. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्याने घरचे देव निर्गुडा नदीत सोडले. आसूड मात्र आढ्यालाच राहिला होता.

"वयनी, आता हे करत नाही आपून."

"माह्या पोरासाठी करा."

उकंडा आसूड काढून तिच्यामागे घरात आला. पहिला फटका धर्मपालच्या पाठीवर बसला, सदरा फाटला. तो भिंतीशी कोसळला. दोन्ही हात डोक्यावर घेऊन किंचाळला,

"छत आलं! लखीराम, पय! पय ना बे भायेर!"

उकंडाचा हात क्षणभर थबकला. लखीराम धर्मपालचा खाणीतला जोडीदार. ढिगाऱ्यातून धर्मपालला जिवंत काढले, तेव्हा त्याच्या मुठीत लखीरामचे थंड मनगट होते. घरात हे नाव त्याने कधी काढले नव्हते.

उकंडाने पुन्हा आसूड उगारला. मथुराबाई मधे शिरली आणि तो फटका तिच्या दंडावर उतरला.

"टाका तो आसूड, भाऊजी."

"तुमीच त बलावलं..."

"टाका म्हणते ना!"

ती मुलापाशी खाली बसली. त्याने झडप घालून तिचे मनगट पकडले. नखे रुतली, रक्त आले, हाड मोडते की काय असे झाले. पंचफुला सोडवायला वाकली. मथुराबाईने मानेनेच तिला थांबवले.

"निघ ना बे, लखीराम... काहून निघत नाहीस?"

मथुराबाई घसा जाड करून, गड्यासारख्या आवाजात म्हणाली,

"निघालो रे. भायेर आलो मी. तू बी ये."

धर्मपाल ऐकत राहिला. दात वाजत होते.

"कवा निघाला?"

"तुह्याच संगं."

बऱ्याच वेळाने त्याची बोटे सैल पडली. पंचफुलाने पुढे केलेली अर्धी गोळी त्याने मुकाट्याने गिळली. उकंडा केव्हाच निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी धर्मपालला पुन्हा कापरे भरले. मथुराबाईने सुनेला मागे सारले. सुजलेला हात पदराखाली घेतला आणि दुसरा पुढे केला.