पाण्यातली तांबडी रेघ

पैनगंगेला पूर आला की तिचं पाणी चहासारखं दिसतं. रंगीत फोटो काढला तर लोक विचारतात, हा सहस्रकुंडचा धबधबा हाय का नाला? म्हणून मी मागाहून रंग काढून तो काळा-पांढरा करतो. कॅमेरा स्टँडवर बसवायचा, भिंगापुढे काळी काच लावायची आणि तीस सेकंद पडदा उघडा ठेवायचा. धबधब्याचा मऊ पिंजलेला कापूस होतो. हलणारं काहीच त्या फोटोत टिकत नाही. खडकावर नाचत सेल्फी काढणारी पोरंसुद्धा गायब होतात, आणि या गोष्टीचं मला आजवर फार कौतुक होतं.

यंदा त्यातल्याच एका फोटोला नांदेडच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. पेपरात छापून आला. खाली माझं नाव, सुदर्शन, आणि तारीख, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसाची. हिमायतनगरातल्या माझ्या स्टुडिओत मी तो मोठ्ठा करून, काच लावून टांगला. गिऱ्हाईक आलं की आधी तो दाखवायचा, मग त्याचा पासपोर्ट फोटो काढायचा. हवा डोक्यात गेली होती, खोटं कशाला बोलू?

दिवाळीनंतर एक बाई पेपराचं कात्रण घेऊन दुकानात आली. इस्लापूरकडची, पन्नाशीला आलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नाव रुक्मिणबाई.

"ह्यो फोटो तुमीच काढला का, दादा?"

"हाव," मी खूश होऊन म्हणालो.

"ह्याच तारखेला?"

"हाव मावशी, सकाळी आठला."

"मंग आमचे मालक दिसले का यात?"

पिराजी, तिचा नवरा, त्या सकाळी सुटलेला बैल हुडकायला म्हणून घरून निघाला होता. बैल दुपारी आपला आपण परत आला. पिराजी आला नाही. पोलिसांत नोंद झाली, पण त्याला कुठं शोधायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

"दीर समद्यांना सांगून राहिला, गेल्या सालच्या कापूस येचायच्या टोळीतल्या बाईसंगं तेलंगणात पळाला म्हनून. हळदी-कुंकवाला गेले तर बाया माझ्या कपाळाकडं बघून हसतेत. पळाला असल तर पळाला, मेला असल तर मेला. मला निस्तं कळाया पायजे, दादा."

मी तिला शहाणपण शिकवायला लागलो. "मावशी, या फोटोत हलणारा माणूस येतच नसतो."

"डोक्याला तांबडा पटका होता," ती म्हणाली. "लई दुरून दिसायचा."

मला एकदम एक रेघ आठवली.

फोटो काढला त्या दिवशी संगणकावर तो रंगीत उघडला तेव्हा उजवीकडच्या काळ्या खडकाशी एक पुसट तांबडी रेघ होती. मला राग आला होता. पुरात लोक नदीची ओटी भरतात, नारळ आणि तांबडा खण पाण्यात सोडतात. वाटलं, कुणाच्या तरी ओटीचा खण वाहत गेला आणि माझा फोटो नासवून गेला. रंग काढले तरी तिथं डाग उरत होता. मग शेजारचं पाणी उचलून त्यावर फासलं. दोन मिनिटांचं काम. पुढच्या आठवड्यात बारशाचे फोटो काढायचे होते, म्हणून कॅमेऱ्याचं कार्ड मोकळं केलं, त्यात मूळ फोटोही गेला; संगणकावर पुसलेलाच उरला.

"काही दिसलं नाही," हे शब्द अगदी ओठावर आले होते. तेवढ्यावर ती निघून गेली असती. बक्षीस भिंतीवर राहिलं असतं, आणि ही बाई जन्मभर नवऱ्यानं टाकलेली म्हणून फिरली असती. मला भीती वाटली, लाजही वाटली. शेवटी मी सगळं सांगितलं. खण समजलो, पुसून टाकलं, मूळ फोटोही राहिला नाही.

सांगता सांगताच माझ्या ध्यानात आलं. खण पाण्यावरून वाहतो. ती रेघ खडकाच्या वर, माणसाच्या डोक्याच्या उंचीला सुरू झाली होती आणि सरळ खाली पाण्यात गेली होती. ते तीस सेकंद मी पन्नास पावलांवर, मान खाली घालून मोबाइलवर सेकंद मोजत होतो. धबधब्याच्या आवाजात हाक ऐकू आली नसती, हे खरं. पण मान वर केली असती तर दिसलं असतं.

रुक्मिणबाई रडली नाही. "कुठं?" एवढंच म्हणाली.

मी फोटो खाली उतरवला आणि काचेवर बोट ठेवलं. "इथून. इथपर्यंत."

तिनं अंगठ्यानं कपाळावरचं कुंकू पुसलं. मी दाखवलं तिथून तिथपर्यंत, सावकाश, काचेवर रेघ ओढली. त्या पांढऱ्याशुभ्र पाण्यात तांबडी रेघ उमटली. मग पदरानं कपाळ कोरडं केलं.

"दिराला दावते, मालक कुठं गेले ते. ह्यो नेऊ का?"

"न्या. मी ठाण्यात येऊन सांगतो, मावशी. आजच येतो," मी म्हणालो. काच फुटायला नको म्हणून फोटोवर पेपर गुंडाळायला लागलो, तर तिनं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या, दादा. घासून जाईल ते. एकदा पुसलंच की तुमी."