पेल्यातलं तेल

सकाळी दहा वाजता आरोग्य खात्याचा माणूस शिवणकामाच्या दुकानात आला. काउंटरवरच्या झाडाच्या पानांत त्याने बॅटरीचा झोत टाकला आणि म्हणाला, "बाई, यात डासांच्या अळ्या आहेत. पाणी काढा, नाहीतर झाड काढा. पुढच्या आठवड्यात पुन्हा बघायला येईन."

मित्रांनो, ते झाड म्हणजे मी. मी एक वय झालेलं ब्रोमेलियाड आहे, पानांच्या पेल्यात पाणी साठवणारं शोभेचं झाड. आम्हाला फूल आयुष्यात एकदाच येतं. ते गेलं की आई हळूहळू वाळत जाते आणि बुडाशी पिल्लं धरते. मला एकच पिल्लू आहे, जेमतेम बोटभर. त्याला स्वतःची मुळं अजून फुटलेली नाहीत. मला उचलून टाकलं तर माझं फारसं काही जाणार नाही, मी तशीही निघालेच आहे. पण माझ्याबरोबर तेही जाईल.

माझं कूळ उष्ण, दमट जंगलातलं. मी मात्र वाढले रोपवाटिकेत, हिरव्या जाळीच्या सावलीत. माळीदादांनी मला साध्या मातीत लावलं नाही. नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि झाडाची साल घालून कुंडी भरली. विकताना त्यांनी वहिनींना बजावलं, की हिची मुळं मुख्यतः धरून राहण्यापुरती असतात. पाणी पानांच्या मधल्या पेल्यात घालायचं, दर आठवड्याला कुंडी आडवी करून जुनं ओतायचं आणि नवं भरायचं. उजेड हवा, दुपारचं ऊन नको.

वहिनी म्हणजे या दुकानाच्या मालकीण. दुसऱ्या मशीनवर त्यांची नणंद बसते. बरेच दिवस मला फूल आलं नाही, तेव्हा माळीदादांनीच युक्ती सांगितली. पेला रिकामा करून मला पिकलेल्या सफरचंदाबरोबर पिशवीत बांधून ठेवायचं, त्यातून निघणाऱ्या वायूने आम्हाला फूल धरतं. नणंद म्हणाली, फळाशेजारी बसून फूल येत असतं तर मी मंडईतच संसार थाटला असता. पण काही आठवड्यांनी माझ्या मधोमध लालभडक तुरा उभा राहिला. गिऱ्हाइकं कपड्यांचं माप द्यायचं सोडून मला चिमटे काढून बघत, प्लास्टिकचं तर नाही ना म्हणून.

तुरा वाळला आणि नजरा वळल्या. कामाचा रेटा वाढला. कुंडी आडवी करणं राहून गेलं. जुन्या पाण्यावरच नवं पडत राहिलं. अळ्या झाल्या त्या अशा.

तो माणूस गेल्यावर नणंदेने मशीन थांबवलं. ती नेहमी मोठ्याने बोलते. या वेळी हळू बोलली. "वहिनी, माझी पोर आत्ता कुठे तापातून उठलीय. हे झाड मला इथे नको."

तिचं भय मला कळत होतं. तिचं काय, माझं काय, दोघींचंही भय पोरासाठीच होतं.

वहिनी घाबरल्या. घाबरलेल्या माणसाचा हात रोजच्या सवयीच्या वस्तूकडे जातो. त्यांनी मशीनच्या तेलाची कुपी उचलली आणि माझ्या पेल्यात पिळली. तेलाने अळ्या मरतात हे खरंच आहे. पण मित्रांनो, मी पानांच्या बुडाशीच पाणी पिते. तिथे तेलाचा थर बसला आणि माझा जीव घुसमटू लागला. मग त्यांनी पाणी ओतायला कुंडी कलती केली. तेल पानावरून घरंगळलं आणि थेट पिल्लाच्या इवल्याशा पेल्यात उतरलं. मला पानही हलवता येईना.

"पिल्लू कापून ठेव, आई फेकून दे," नणंद म्हणाली. कापडाची मोठी कात्री माझ्या शेजारीच होती. वहिनींनी ती उचलली, पिल्लाच्या बुडाशी नेली, आणि थांबून माळीदादांना फोन लावला.

तेलाचं ऐकून त्यांनी आधी पिल्लू केवढं झालंय ते विचारलं. मग म्हणाले, "आत्ता कापलंत तर जगणार नाही. आईच्या निम्म्याएवढं तरी होऊ द्या. स्वच्छ पाण्याने धूत राहा. पुढचं मला सांगता येणार नाही."

वहिनींनी दोघांनाही पुन्हा पुन्हा धुतलं. मागच्या खोलीतल्या खिडकीत ठेवलं. आरोग्य खात्याचा माणूस परत येईपर्यंत झाड राहील, एवढं नणंदेने कबूल केलं आहे, पुढचं नाही.

मित्रांनो, आमची भीती बाळगू नका. आमचं पाणी तेवढं वेळेवर बदला आणि त्यात पाण्याशिवाय काही घालू नका.

आज पिल्लाच्या मधल्या पानाच्या बुडाशी टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी डाग आहे. दुपारी वहिनींनी चष्मा लावून तो बराच वेळ निरखला. सकाळपेक्षा वाढलाय की तेवढाच आहे, हे त्यांना सांगता आलं नाही.