नजर तपासणाऱ्या तक्त्याचा संशय

मी एक जुना तक्ता आहे, डोळे तपासायचा. वरचं अक्षर ताटलीएवढं, शेवटच्या ओळीतली मुगाच्या दाण्याएवढी. बडोद्यात रावपुऱ्याच्या एका पाट्या रंगवणाऱ्याने मला पत्र्यावर रंगवलं. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला गुजराती. मग मकरपुऱ्याला, पंप-पंख्यांच्या विजेच्या मोटारी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या दवाखान्यात मला टांगलं.

मित्रांनो, तिथे मला मान होता. कामावर घेण्याआधी प्रत्येकाला माझ्यासमोर उभं करत. दत्ताजीरावही असेच आले, तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मोटारींचे भाग तपासायच्या कामाला लागले.

पुढे नव्वदीनंतर बाजारात परदेशी माल आला आणि कंपनीला माणसं जास्त वाटू लागली. एके दिवशी नजरेच्या तपासणीचं फर्मान निघालं. इथून मी जपून बोलतो. पाहिलं ते पाहिलं म्हणेन आणि तर्क तो तर्क.

पाहिलं ते असं: आलेल्या प्रत्येकाचे केस पिकलेले, नाहीतर नुकतेच रंगवलेले. तरुण कामगार एकही आला नाही.

दत्ताजीराव धास्तावले होते. नोकरी गेली तर मुलीचं, स्नेहलचं, कॉलेज सुटणार. म्हणून जेवणाच्या सुट्टीत येऊन त्यांनी माझी इंग्रजी बाजू चक्क पाठ केली. तपासणीत डॉक्टरांची छडी पहिल्या ओळीवर असतानाच ते तिसरीवर पोचले.

"काका, वाचताय की आरती म्हणताय?" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी मला पलटून टांगलं.

गुजराती बाजू काही पाठ नव्हती. दत्ताजीराव थांबत थांबत, घाम पुसत तळापर्यंत उतरले. एकही अक्षर चुकलं नाही.

"नजर उत्तम आहे. उगाच पाठांतर केलंत," डॉक्टर हसले.

नर्स निरुपमाताई मात्र हसल्या नाहीत. कंपनीच्याच कामगार खात्याचा अधिकारी मयंक जाड भिंगांचा चष्मा लावून दाराशी उभा होता. त्या त्याला म्हणाल्या, "साहेब, तुम्हीही या ना. चष्मा काढून."

"माझं शुं काम, ताई? मी तर अजून यंग आहे!"

"तपासणी डोळ्यांची आहे ना?"

मयंकने घड्याळ पाहिलं. "रूटीन छे, ताई, नेहमीचीच तपासणी. चालो, पुढचे काका कोण?"

आठवडा उलटला नाही तोच दत्ताजीरावांकडून स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून घेतला गेला. ज्यांना माझी वरची ओळही दिसली नव्हती तेही गेले, आणि ज्यांनी शेवटची वाचली तेही. निकाल कसाही लागो, गेली ती केस पिकलेलीच माणसं. तपासणी डोळ्यांची नव्हती, हा माझा तर्क. कोणी तो लेखी कबूल केलेला नाही.

जाताना दत्ताजीराव दवाखान्यात आले.

"ताई, खरं सांगा. कुठली ओळ चुकली माझी?"

"एकही नाही, दादा."

"मग घरी काय सांगू?"

 

मित्रांनो, उद्या तुमच्यातले काही साहेब होतील. तेव्हा मला जरूर टांगा, धूळही पुसा. पण माझ्यासमोर उभं करायचं असेल तर सगळ्यांना करा. आणि एखाद्याने शेवटची ओळ वाचून दाखवली, तर त्याने ती वाचली आहे हे विसरू नका.